नेटबुक घ्यायचं, पण कोणतं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागिरी कार्यक्रमात, दि. ११ ऑक्टोबर २०११ रोजी, चांदूर बाजार येथे सभासदांसमोर केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातच छापले आहे.)



मला वीस मिनिटं दिलेली आहेत. बँकेतल्या माणसाला वेळेचं महत्त्व कळतं असा आपल्याकडे समज आहे, तो मी आज खोटा पाडू नये अशी अध्यक्षांची अपेक्षा दिसते. प्रयत्न करतो.

विषय सगळ्यांना माहीत आहे. रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं जी वर्गणी जमली तिचं काय करायचं यावर गेले दोन महिने आपल्यात दोन तट पडले आहेत. एक कमानवाले, दुसरे कॉम्प्युटरवाले. कमानवाल्यांचं म्हणणं, पंचवीस वर्षं झाली, सोसायटीला अजून धड प्रवेशद्वार नाही, पाहुणा पत्ता विचारत पुढे निघून जातो. ते खरंच आहे. कॉम्प्युटरवाल्यांचं म्हणणं, सभागृहाच्या मागची खोली रिकामी पडून आहे, तिथं मुलांसाठी अभ्यासिका करू आणि तीन-चार लहान लॅपटॉप, म्हणजे ज्याला नेटबुक म्हणतात ते, घेऊन ठेवू. तेही खरंच आहे. मग कार्यकारिणीनं मला सांगितलं, "साहेब, तुम्ही आयुष्यभर लोकांच्या कर्जप्रकरणांची छाननी केली, आता एवढी याची करून द्या." त्यातही एक पोटभेद होता. दुकानदारानं दोन कोटेशनं दिली. एक साध्या नेटबुकचं, दुसरं ग्राफिक्स चांगलं असलेल्या नव्या नेटबुकचं. दर नगामागे साधारण अडीच हजारांचा फरक. चार घेतले तर दहा हजार. दहा हजार म्हणजे कमानीचा एक खांब.

म्हणून मी दोन्ही प्रकारची यंत्रं पंधरा दिवस घरी ठेवली. साधं यंत्र पुतणीच्या मुलाचं, वर्षभर वापरलेलं. नवं यंत्र दुकानदारानं विश्वासावर दिलं. कंपन्यांची नावं मी इथं घेत नाही, जाहिरात केल्यासारखं होईल. आत कोणती चिप आहे ते मात्र सांगतो, कारण फरक तिथंच आहे.

हे सगळं कोणासाठी, ते आधी बोलू. मागच्या महिन्यात, १८ सप्टेंबरला, आयबीपीएसची बँक अधिकाऱ्यांसाठीची पहिली सामायिक परीक्षा झाली. आमच्या वेळी पोस्टातून अर्ज जायचा, आता अर्ज कॉम्प्युटरवरच भरावा लागतो. आपल्या सोसायटीतल्या मुली त्यासाठी सायबर कॅफेत गेल्या. तिथं ओळखपत्र दाखवा, रजिस्टरमध्ये नाव लिहा, तासाप्रमाणे पैसे द्या, आणि मधेच लाइट गेली की अर्ज अर्धवट. बारा नंबरमधली आमची लेक तीनदा गेली, तेव्हा कुठं फॉर्म भरून झाला. तिची आई मला म्हणाली, "काका, पोरीले तिथं बसवत नाही हो, सगळे पोट्टे मागून पाहत राह्यतात." मी हे यंत्र तपासत होतो तेव्हा ते वाक्य डोक्यात होतं. घरी कॉम्प्युटर असलेल्यांसाठी ही चर्चा नाही.

आता नेटबुक ही वस्तू काय आहे ते थोडक्यात. २००७ साली तैवानच्या आसुस कंपनीनं ई-पीसी नावाचा सात इंची पडद्याचा लहानसा लॅपटॉप बाजारात आणला, तिथून ही लाट सुरू झाली. आपल्याकडे एचसीएलनं २००८ च्या जानेवारीत मायलीप नावाचा काढला, चौदा हजारांच्या आत. त्याच वर्षी इंटेलनं अ‍ॅटम नावाचा लहान, कमी वीज खाणारा प्रोसेसर आणला आणि सगळ्याच कंपन्या या धंद्यात उतरल्या. दहा इंचाचा पडदा, सव्वा किलोच्या आसपास वजन, सीडी घालायची सोय नाही, आणि किंमत पंधरा ते वीस हजार.

त्याच सुमारास आपल्या महाराष्ट्रातच एक वेगळा प्रयोग झाला होता. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट म्हणून लहानसं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत २००७ मध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या अमेरिकन संस्थेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांच्या हाती दिले गेले. शंभर डॉलरमध्ये लॅपटॉप द्यायचा असं त्यांचं ध्येय होतं, तेवढ्यात काही तो बसला नाही. त्याचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, मेमरी २५६ एमबी. आजच्या मानानं काहीच नाही. पण त्याचा पडदा भर उन्हात वाचता येत असे, कारण तो बनवतानाच झाडाखाली किंवा अंगणात बसलेलं मूल डोळ्यांपुढे होतं. दुकानातले आपले नेटबुक बहुतेक चकचकीत पडद्याचे असतात. ओसरीत घेऊन बसा, स्वतःचा चेहरा दिसतो. मी दोन्ही यंत्रं ओसरीत नेऊन पाहिली, दोन्हींत माझाच चेहरा दिसला, आणि या वयात त्याची गरज नाही.

आता ग्राफिक्स म्हणजे काय? आमचे शेजारी भाऊ म्हणाले, "ग्राफिक्स म्हणजे गेमच ना?" तसं नाही. आपण पडद्यावर व्हिडिओ पाहतो तेव्हा तो म्हणजे एकामागून एक झरझर दाखवलेली चित्रं असतात, सेकंदाला पंचवीस. ज्याला ७२० चं एचडी म्हणतात त्या एका चित्रात आडवे १२८० आणि उभे ७२० ठिपके. गुणाकार केला तर ९,२१,६०० ठिपके. त्याला पंचवीसनं गुणा, २ कोटी ३० लाख ४० हजार. दर सेकंदाला! शिवाय फाइल दाबून लहान केलेली असते, ती आधी उलगडायची, मग ठिपके रंगवायचे.

हे काम करायचं कोणी? बँकेचं उदाहरण देतो. लहान शाखेत एकच क्लार्क असतो. तोच खातं लिहितो, तोच पैसे मोजतो, तोच ड्राफ्ट करतो. बाजाराच्या दिवशी गर्दी झाली की सगळंच तुंबतं. मोठ्या शाखेत रोखीचा काउंटर वेगळा असतो. नोटा मोजण्यात हात बसलेला माणूस तिथं बसला की क्लार्क मोकळा होतो. साध्या नेटबुकमध्ये अ‍ॅटम एन-४५० सारखा प्रोसेसर असतो आणि त्याच्याच पोटात जीएमए ३१५० नावाचं ग्राफिक्स असतं. ते साधं चित्र दाखवतं, पण एच २६४ या पद्धतीनं दाबलेला एचडी व्हिडिओ उलगडायची सोय त्यात नाही, म्हणून ते ओझं क्लार्कवर, म्हणजे प्रोसेसरवर पडतं. नव्या यंत्रात एएमडी कंपनीची सी-५० नावाची चिप आहे, याच वर्षी जानेवारीत बाजारात आलेली. तिच्यात प्रोसेसर आणि रेडियॉन ६२५० हे ग्राफिक्स एकाच तुकड्यावर आहे, आणि व्हिडिओ उलगडायला वेगळा काउंटर आहे.

मधे एक कहाणी आहे, ती बँकवाल्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही. चांगल्या ग्राफिक्सचे नेटबुक याआधीही आले होते. एनव्हिडिया कंपनीनं 'आयॉन' नावाची चिप काढली होती, २००९ मध्ये काही नेटबुकांत ती अ‍ॅटमच्या जोडीला बसवली गेली. त्याच वर्षी एनव्हिडियानं उघडपणे तक्रार केली, की नुसता अ‍ॅटम घेतला तर महाग आणि इंटेलच्या बाकीच्या चिपा सोबत घेतल्या तर स्वस्त, असा दर लावला जातोय. म्हणजे एकटी साडी महाग, झंपर आणि परकरासकट घेतली तर स्वस्त! मग दुसऱ्याचा परकर कोण घेईल? पुढे इंटेलनं ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातच घातलं आणि आयॉनची वाट अवघड झाली. सांगायचा मुद्दा, स्वस्त यंत्रात काय चांगलं आणि काय वाईट बसतं हे नेहमी आपल्या गरजेवरून ठरत नाही, कंपन्यांच्या आपसातल्या भांडणावरूनही ठरतं. विंडोजचंही तसंच. नेटबुकवर येतं ते विंडोज ७ स्टार्टर. त्यात दोन जीबीच्या वर मेमरी चालत नाही, डीव्हीडी सिनेमा विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरवर लागत नाही आणि मागचं चित्रसुद्धा बदलता येत नाही. पोरांची पहिली तक्रार हीच होती.

आता छाननीचा निकाल. टप्प्याटप्प्यानं सांगतो.

पहिलं काम, रोजचं. सोसायटीचा गेल्या पाच वर्षांचा देखभाल खर्च मी एक्सेलमध्ये भरून ठेवला आहे, सचिवांना माहीत आहे. ती फाइल दोन्ही यंत्रांवर उघडली, बेरजा फिरवल्या. फरक घड्याळात धरण्याइतका नाही. वर्डमध्ये मराठी टाइप केलं, तेच. इंटरनेटवर फॉर्म उघडला, तेच. याचं कारण उघड आहे. सी-५० मध्ये प्रोसेसर दोन आहेत खरे, पण ते एक गिगाहर्ट्झचे. साध्यात एकच आहे, पण १.६६ चा. हिशेबाच्या कामात कोणी कोणाला फार मागे टाकत नाही. दुकानदार म्हणत होता, "नवीन आहे, सगळंच फास्ट चालते." सगळं नाही. ग्राफिक्स वाढलं म्हणून बेरीज लवकर होत नाही.

दुसरं काम, व्हिडिओ. इथं मात्र मला गंमत वाटली. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएल या नावानं यूट्यूबवर फुकट आहेत. स्थापत्य, यंत्र, विद्युत, सगळे विषय. बडनेऱ्याला इंजिनिअरिंगला जाणाऱ्या आपल्या दोन मुलांनी मला ती दाखवली. ती मी दोन्ही यंत्रांवर लावली. दोन्हींवर नीट चालली! कारण त्यातली बरीचशी साध्या प्रतीची, एचडी नसलेली आहेत. फळा दिसतो, सर दिसतात, आवाज येतो, झालं. शिवाय आपल्या इथल्या ब्रॉडबँडचा वेग धरला तर एचडी व्हिडिओ थेट पाहणं जमतच नाही. गोल गोल फिरणारं चक्र पाहत बसा. बीएसएनएलच्या काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत आहे, तेव्हा उतरवून घेता येतं, पण मग त्यासाठी रात्री कोणी जागायचं ते ठरवा. म्हणजे ज्या अभ्यासासाठी आपण अडीच हजार जास्त देणार, तो अभ्यास साध्या यंत्रावरही होतो. हे मी स्पष्ट सांगतो, कारण दुकानात हे कोणी सांगणार नाही.

मग एचडीच्या काही फायली पेनड्राइव्हवरून लावल्या. तिथं साध्या यंत्राची दमछाक झाली. चित्र अडखळतं, आवाज पुढे जातो, ओठ मागे राहतात. नव्यावर तोच व्हिडिओ तेलासारखा चालला. गूगल अर्थ उघडलं. घरची मुलं भोवती बसली होती. चांदूर बाजारवरून उडालो, विश्रोळीचं धरण पाहिलं, तिथून गाविलगड आणि चिखलदरा. नव्या यंत्रावर डोंगर वळतो तसा वळला. साध्यावर डोंगर थांबतो, विचार करतो, मग एकदम उडी मारतो. सातवीतल्या नातवाला सातपुड्याची रांग पहिल्यांदा कळली असं तो म्हणाला, आणि भूगोलात तो दोनदा नापास झालेला आहे, म्हणून मी त्याचं म्हणणं गंभीरपणे घेतलं.

पण हे सगळं दहा इंचाच्या पडद्यावर. चार पोरं वाकून पाहतात आणि पाचवं रडतं. एवढ्याशा पडद्यावर एचडी आहे की नाही हे माझ्या चष्म्याला तरी फारसं कळत नाही.

कळलं ते तिसऱ्या दिवशी. नव्या यंत्राला बाजूला एचडीएमआयचं छिद्र आहे. साध्याला फक्त व्हीजीए. एचडीएमआयची एकच केबल टीव्हीला लावली की चित्र आणि आवाज दोन्ही जातात. व्हीजीएतून आवाज जात नाही, त्याला वेगळी वायर आणि स्पीकर लागतात. आमच्या घरच्या बत्तीस इंची टीव्हीला ती केबल जोडली, आणि मंडळी, तेव्हा ते अडीच हजार कुठं गेले ते दिसलं. तोच गाविलगड बत्तीस इंचांवर. तोच व्हिडिओ, एक ठिपका फाटला नाही. घरातली सहा जण सोफ्यावर बसून पाहत होती, शेजारच्या वहिनी दारात उभ्या राहिल्या त्या अर्धा तास तिथंच. स्टार्टर विंडोजमध्ये दोन पडद्यांवर दोन वेगळी कामं करता येत नाहीत, पण आपल्याला ती करायचीही नाहीत. तेच चित्र मोठं दिसलं, पुरे.

म्हणून माझं मत असं बनलं. चांगल्या ग्राफिक्सचे पैसे एकट्यानं मांडीवर घेऊन बसायच्या यंत्रावर वसूल होत नाहीत. ते वसूल होतात एक यंत्र मोठ्या पडद्याला जोडून तीस मुलांना दाखवण्यात. आणि आपल्या सभागृहात मागच्या वर्षी देणगीत आलेला टीव्ही भिंतीवर नुसता गणपतीतल्या क्रिकेट मॅचपुरता टांगलेला आहे, हे मी नव्यानं सांगायला नको.

आता राहिलेल्या गोष्टी. यातल्या दोन ग्राफिक्सपेक्षा महत्त्वाच्या आहेत.

एक, मेमरी. दोन्ही यंत्रं एक जीबी मेमरीची आली. नव्या यंत्रात तर त्यातलाच काही भाग ग्राफिक्स स्वतःसाठी काढून घेतं. म्हणजे विहिरीत पाणी गुडघाभर आणि वर पाच हॉर्सपॉवरची मोटर! मोटर चांगली आहे हो, पण पाच मिनिटांत हवा ओढायला लागते. चार खिडक्या उघडल्या की यंत्र डिस्कवर घरघरत बसतं. एक जीबीच्या जागी दोन जीबीची पट्टी टाकली की फरक लगेच जाणवतो. खर्च हजाराच्या आतबाहेर. पण मागचं झाकण उघडल्यानं वॉरंटी जात नाही ना, हे बिलावर लिहून घ्या. दुकानदारानंच टाकून दिली तर सगळ्यात उत्तम. ज्यांना घरासाठी साधंच यंत्र घ्यायचं आहे त्यांनाही मी हेच सांगेन, अडीच हजार ग्राफिक्सवर घालण्याआधी एक हजार मेमरीवर घाला.

दुसरं, पडद्याची उंची. साध्याचा पडदा १०२४ गुणिले ६००. नव्याचा १२८० गुणिले ७२०. ऐकायला किरकोळ वाटतं. पण परीक्षेचा फॉर्म उघडा. काही खिडक्या अशा बनवलेल्या असतात की सहाशेच्या पडद्यावर खालचं 'ओके' बटणच दिसत नाही. पडद्याच्या खाली गेलेलं असतं. नवखं मूल तिथं अडकून बसतं, त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. एंटर दाबून काम होतं कधी कधी, पण ते कोणी सांगायला हवं. बारा नंबरच्या मुलीचा पहिला फॉर्म असाच अडकला होता. त्या १२० ओळी जास्त आहेत म्हणून मी नव्या यंत्राला ग्राफिक्सपेक्षा जास्त गुण दिले.

बॅटरीत मात्र साधं यंत्र जिंकलं. मी पडद्याचा उजेड मध्यम ठेवला, वायरलेस चालू ठेवलं आणि दिवसभर अधूनमधून टायपिंग करत राहिलो. साधं साडेसहा तास चाललं, नवं सव्वापाचच्या आसपास. नुसता व्हिडिओ लावला तर नवं चार तासांत बसलं. सध्याचं लोडशेडिंग तुम्ही सगळे भोगताच आहात. सकाळचं आणि संध्याकाळचं मिळून जेवढा वेळ लाइट जाते, तेवढ्यात दोन्ही यंत्रं तग धरतात, तीन सेलची बॅटरी घेतली नाही तर. सहा सेलचीच घ्या. कोटेशनवर सेलचा आकडा लिहिलेला नसतो, तो विचारावा लागतो. विजेचा खर्चही पाहा. जुना मोठ्या डब्याचा कॉम्प्युटर पडद्यासकट शे-सव्वाशे वॅटला जातो. चार नेटबुक मिळून एका छताच्या पंख्याइतकी वीज घेतात. सभागृहाच्या इन्व्हर्टरवर ते सहज चालतील, टीव्ही मात्र चालणार नाही, तो इन्व्हर्टर तेवढा नाही.

कळफलक लहान आहे. माझी बोटं एकावर दोन पडतात, मुलांची पडत नाहीत. मराठी टाइप करायला विंडोज ७ मध्ये इनस्क्रिप्ट आणि मंगल फॉन्ट आतच आहे. जुन्या एक्सपीत ते सीडीवरून घालावं लागायचं, आणि नेटबुकला सीडी घालायला तोंडच नाही, त्यामुळे अनेकांचं मराठी तिथंच राहिलं. कोणी जुना एक्सपीवाला नेटबुक स्वस्तात देतो म्हणाला तर हे ध्यानात ठेवा.

आता दोन प्रश्न मला गेल्या आठवड्यात दहा वेळा विचारले गेले, ते इथंच उरकतो.

पहिला, "आकाश येतोय ना? मग हे कायले घ्याचं?" गेल्या बुधवारी, ५ ऑक्टोबरला, दिल्लीत कपिल सिब्बल साहेबांनी आकाश टॅबलेटचं उद्घाटन केलं. पस्तीस डॉलरचा म्हणून पेपरात गाजतो आहे. सात इंचाचा पडदा, ३६६ मेगाहर्ट्झ, २५६ एमबी मेमरी. वाचायला, लहान व्हिडिओ पाहायला ठीक असेल. पण बँकेच्या परीक्षेचा फॉर्म, एक्सेल, एमएस-सीआयटीचा सराव, मराठी टायपिंग हे त्यावर करायचं म्हटलं तर कळफलक कुठून आणणार? आणि तो आधी कॉलेजांतून वाटला जाणार आहे. आपल्या बाजारपेठेत कधी येईल त्याची वाट पाहून बारावीची मुलं थांबणार नाहीत.

दुसरा प्रश्न आयांचा आहे, आणि तो मला सगळ्यात बरोबर वाटतो. ग्राफिक्स चांगलं म्हणजे गेम चांगले. मोबाइलवर पोरं बिघडलीच, आता हे आणखी कायले? खोटं बोलत नाही, नव्या यंत्रावर चार-पाच वर्षांपूर्वीचे गेम चालतात. नातवानं दुसऱ्याच दिवशी मोटारींचा एक चालवून दाखवला. साध्यावर तो धड चालत नव्हता. पण गेम चालू नये म्हणून मुद्दाम कमी प्रतीचं यंत्र घ्यायचं, हे मला पटत नाही. चोर येतील म्हणून कोणी तिजोरीत पैसे ठेवायचं थांबवत नाही. तिजोरीला दोन किल्ल्या करतात, एक मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे. विंडोजमध्येही मुलांसाठी वेगळं खातं काढून त्याला वेळ बांधून देता येते आणि कोणते प्रोग्रॅम चालावेत ते ठरवता येतं. एक पासवर्ड सचिवांकडे ठेवा, एक एखाद्या वहिनींकडे. वहिनींकडचा जास्त सुरक्षित राहील असा माझा अंदाज आहे.

इंजिनिअरिंगच्या मुलांनी मात्र स्वतःसाठी नेटबुक घेऊ नये, हे मी त्यांच्या वडिलांसमोर सांगतो. ग्राफिक्स कितीही सुधारलेलं असो, ऑटोकॅडची मोठी ड्रॉइंगं एक गिगाहर्ट्झवर पोराचा जीव काढतील. त्यांनी सहा महिने थांबावं, बँकेतून शैक्षणिक कर्जात बसवता येतं का पाहावं आणि पूर्ण लॅपटॉप घ्यावा. सत्तावीस-अठ्ठावीस हजारांचा लॅपटॉप अठरा हजारांच्या नेटबुकपेक्षा त्यांना स्वस्त पडेल, कारण नेटबुक घेतला तर दुसऱ्या वर्षी दोन्ही घ्यावे लागतील. कर्जप्रकरणांत मी हेच पाहत आलो. गरजेपेक्षा लहान मोटर घेणारा शेतकरी दोनदा कर्ज काढतो.

तर माझी शिफारस अशी आहे. चार घेऊ नका, तीन घ्या. एक नव्या प्रकारचा, चांगल्या ग्राफिक्सचा, एचडीएमआयवाला, दोन जीबी मेमरी टाकून, तो सभागृहाच्या टीव्हीजवळ राहील. दोन साधे, पण तेही दोन जीबीचे आणि शक्य असेल तर ६०० पेक्षा उंच पडद्याचे. असे मिळतात, थोडे शोधावे लागतात. ते अभ्यासिकेत फॉर्म, टायपिंग, सराव यांसाठी. चौथ्याच्या पैशांत सहा फुटांची एचडीएमआय केबल, एक बाहेरचा सीडी ड्राइव्ह, चार पेनड्राइव्ह आणि कपाटाला कुलूप. त्यानंतर जे उरेल ते कमानीला. कमानवाल्यांनी माझ्याकडे असं बघू नका, उरेल थोडं. यंत्रं सोसायटीच्या नावावर घ्या, अनुक्रमांक मालमत्ता नोंदवहीत चढवा आणि ठराव सर्वसाधारण सभेत करा. कोजागिरीच्या टाळ्यांवर खर्च मंजूर होत नसतो.

संध्याकाळी चार ते सहा खोली फक्त मुलींसाठी ठेवावी ही सूचना माझी नाही, बारा नंबरच्या वहिनींची आहे, आणि मी तिला अनुमोदन देतो.

लाइट साडेनऊला जाणार असं वायरमन सांगून गेला आहे, म्हणजे आपल्याकडे वीस मिनिटं आहेत. नवं यंत्र मी पिशवीत आणलं आहे आणि केबलही. पोरांनो, सतरंजी टीव्हीजवळ ओढा. कोणाला गाविलगड पाहायचा आहे, कोणाला आपल्या घराचं छत?